निनाद जोगळेकर कुठेच नव्हता

हसायचं तर खुशाल हसा, पण आमच्या घरी बोलू नका. बायकोला अजून निम्मीच गोष्ट माहीत आहे.

मी पनवेलच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. डॉक्टरेट आहे, तरी गॅस बंद केलाय का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जातो. अशा माणसाला कॉलेजने सल्ल्याला का बोलवावं? पण बोलावलं. कॉलेजची नोकऱ्यांची वेबसाइट विद्यार्थ्यांच्या सोयीची करायची होती. जुन्या साइटवर कालपरवा पदवी घेतलेल्या पोरांना सरव्यवस्थापकाच्या जागा दिसायच्या, आणि अर्ज केला की तो विहिरीत टाकल्यासारखा गडप व्हायचा.

"सर, तुम्ही स्वतः विद्यार्थी होऊन बघा ना," प्लेसमेंटच्या वैद्य मॅडम म्हणाल्या. चाचणीसाठी त्यांनी एक वेगळी साइट करून दिली. खऱ्या साइटसारखीच, अगदी हुबेहूब. तिथेच सगळा घात झाला.

सूचना मी भरपूर केल्या. अर्ज मागे घेणाऱ्याला कारण विचारा, आणि कारणांत 'निधन'सुद्धा ठेवा.

"निधन? अहो सर, पोरं आहेत ती!"

"असू द्या. आणि तसं झालंच, तर सगळ्यांना आपोआप संदेश जायला हवा."

मॅडमनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून तेही करून टाकलं.

मग घरी बसून मी एक विद्यार्थी बनवला. निनाद जोगळेकर. फोन नंबर माझा, गुण माझे, त्या काळचे. फोटोशिवाय साइट पुढे जाईना, म्हणून माझा बीएस्सीचा काळापांढरा फोटो टाकला. फोनमधल्या कुठल्याशा सोयीने तो रंगीत करून घेतला आणि अंगावर काटा आला. गाल भरलेले, ओठ ओले, डोळे थेट माझ्यावर. मी खुर्ची बाजूला सरकवली. डोळेही सरकले! भास म्हणता? मीही तेच म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. समोर दिसली त्या नोकरीला निनादचा अर्ज केला आणि फोन पालथा घातला.

काही दिवसांनी एका दुपारी बायको उलव्याला लेकीकडे गेली होती. घर चिडीचूप. फोन वाजला.

"निनाद बोलतोय का?"

जो पोरगा जगात कुठेच नव्हता, त्याला एक बाई नावाने हाक मारत होती.

"ह... हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आवाज का बसलाय?"

"सर्दी."

कळंबोलीच्या एका गोदाम कंपनीतून फोन होता. मी ठेवणारच होतो, पण बाईंनी प्रश्न विचारला. आता प्रश्न विचारल्यावर मास्तर गप्प बसेल का? माल रचताना जड खाली का, हलका वर का? मी गुरुत्वमध्यापासून सुरुवात केली. बाई भारावल्या.

"इतकं मनापासून कोणी सांगत नाही रे, बाळा!"

बाळा! मी उठून आरशात बघून आलो.

मग उलगडा झाला. निनादला मी चाचणीच्या नाही, खऱ्या साइटवर जन्माला घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी वैद्य मॅडमचा आनंदाने फोन. "सर, साइट चालली! निनाद म्हणून कोणी आहे, त्याची निवड झाली. आपली मनस्वी थोडक्यात राहिली. जागा एकच होती ना."

मनस्वी कोळी, मोरा गावची. माझ्याकडे मुलाखतीच्या सरावाला यायची. या महिन्यात नोकरी लागली नाही तर पनवेलची खोली सोडून घरी ये, असं वडिलांनी बजावलं होतं. त्या पोरीची जागा त्याने खाल्ली होती. त्याने म्हणजे, मीच!

मॅडमना सांगायची लाज वाटली. गुपचूप साइट उघडली. कारणांत 'पुढील शिक्षण'वर बोट नेलं. बोट घसरलं आणि खालच्या ओळीवर पडलं. खात्री आहे का, असं साइटने विचारलं. जन्मात मला कशाची खात्री नव्हती. नेमकं तेव्हा 'हो' दाबलं.

लगेच फोन थरथरला. निनादच्या निधनाची बातमी मलाही आली. पाठोपाठ दुपारच्या शोकसभेचं निमंत्रण.

रिक्षाने कॉलेज गाठलं. गेटवर गणूदादा वॉचमन टोपी काढून उभा.

"आयकलाव का सर? चांगला पोर व्हता."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"वलकतो म्हंजे! रोज हात करायचा. कालच गेला नाय का हितून."

"काल?"

"काल."

भर उन्हात मी मागे वळून रस्ता बघून घेतला.

हॉलमध्ये वीज गेलेली. उदबत्तीचा धूर सरळ वर चाललेला. आणि टेबलावर मी! तरुण, रंगीत, गळ्यात झेंडूचा हार. दारातून येणाऱ्या माझ्याकडे टक लावून. एक मुलगा सांगत होता, "निनाद माझ्या मागच्या बाकावर बसायचा." एक मुलगी डोळे पुसत होती. प्राचार्य म्हणाले, "मितभाषी होता." सगळ्यांना तो आठवत होता हो! क्षणभर मला वाटलं, हाच खरा असेल, आणि मला कोणीतरी चाचणीसाठी बनवलं असेल.

मनस्वी शेवटच्या रांगेत होती. "जागा आता हिला मिळेल ना?" मी वैद्य मॅडमना विचारलं.

"कंपनी देतेय, सर. हीच घेत नाही."

"मेलेल्याची जागा कशी घेऊ, सर?" मनस्वी म्हणाली. "खुर्चीत बसले की तो मागं उभा हाय असं वाटंल."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी पुढे गेलो, हार काढला, फोटो गालाशी धरला.

"हा मेलेला नाही. हा मी आहे!"

"सरांना खुर्ची द्या," प्राचार्य हळूच म्हणाले. "धक्का बसलाय."

"अहो, मुलाखतही मीच दिली!"

"पाणीही आणा."

मनस्वी मात्र जवळ आली. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"कान तेच हायत," ती म्हणाली.

वैद्य मॅडमनी कपाळाला हात लावला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा हॉल.

"म्हणजे सर, ही नोकरी तुमाला नको ना?" मनस्वीने विचारलं.

किती सोपा प्रश्न! 'नको' एवढंच म्हणायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी पहिल्याच फटक्यात, पहिल्या नंबराने निवडलं होतं हो. मी हातातल्या हाराची फुलं सारखी करत राहिलो.

शेवटी त्या पोरीनेच माझा हात धरला.

"सर," ती समजुतीने म्हणाली, "कंपनीची बस पहाटे सुटते. तुमाला नाय झेपायचं."