फ्रेहाने मागितलेली माफी

योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा माफीचा आणि निर्जळी उपासाचा दिवस, जवळ आला की जेरुसलेमच्या कातामोन वस्तीत फ्रेहा ओहाना फोन घेऊन बसायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई. आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्यापर्यंत जायचा. "वर्षभरात काही कमीजास्त बोलले असेन तर माफ कर हं," असं ती मावसबहिणीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवायची. माणसाचा अपराध माणसानेच माफ करायचा, त्यात देव पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त समोरच्या दारातल्या सुलिकाला ती कधी काही म्हणाली नाही.

आणि खरा अपराध तिचाच केला होता. अकरा वर्षांपूर्वी सुलिकाच्या मुलीचं, इलानितचं लग्न ठरत आलं असताना मुलाच्या आईने फ्रेहाकडे चौकशी केली. फ्रेहा म्हणाली, "पोरगी गुणाची आहे हो, तोंड तेवढं आईचं घेतलंय." लग्न मोडलं. तेव्हापासून दोघी जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघत.

यंदा फ्रेहाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि तिला धास्ती बसली. ती धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेली.

"तिघींना सोबत घेऊन जा," ते म्हणाले. "तीनदा माग. तिन्ही वेळा नाही म्हणाली, तर तुझी सुटका."

फ्रेहाचा चेहरा खुलला. सुलिका हो म्हणणं शक्यच नव्हतं!

रविवारी शेजारच्या तिघींना घेऊन तिने दार वाजवलं. "सुलिका, मी तेव्हा बोलले ते... म्हणजे खोटं नव्हतंच, पण माफ कर."

दार धाडकन बंद झालं. फ्रेहा खुशीत घरी परतली.

मंगळवारी सुलिका म्हणाली, "आईचं तोंड वाईट ना? मग ते नाहीच म्हणणार."

तिसरी खेप उपासाच्या आदल्या दुपारी. तिघीही चुलीपुढे अडकलेल्या, म्हणून फ्रेहा एकटीच गेली. बघायला कोणीच नव्हतं, त्यामुळे सुलिकाकडेच बघावं लागलं. ठरवलेलं वाक्य तिने सोडून दिलं.

"लग्न मी मोडलं," ती हळूच म्हणाली.

"माहितीये. माफ केलं. आत ये, जेवून घे."

"असं कसं? लगेच?"

"लगेच कुठे? दुसऱ्याच वर्षी केलं होतं. त्या मुलाची बायको सासूला कंटाळून माहेरी गेली, आणि माझी इलानित चार पोरांत मजेत आहे."

"मग सांगायचं नाहीस?"

"तू मागितलीस कुठे? आणि परवापर्यंत तू नकार न्यायला येत होतीस. मग तोच दिला."

फ्रेहाला रडू आलं, आणि रागही. अकरा वर्षं भिंत बघण्यात गेली होती. ती बसली आणि वाढलेली मासळी मुकाट्याने संपवली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनागृहात बायकांच्या सज्जात दोघी पांढऱ्या कपड्यांत शेजारी उभ्या होत्या. पापांचा पाठ चालला होता, एकेका पापाला छातीवर मूठ. फ्रेहाची जीभ टाळ्याला चिकटली होती. पाण्याचा थेंब घ्यायला अजून चार तास होते.

"मासळीत मीठ मुद्दाम घातलंस?" ती कुजबुजली.

सुलिकाने पुस्तकातून मान वर केली नाही. "पुढच्या वर्षी विचार. माफी मागीन."