ट्रंकेवरचा नंबर

आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मागच्या महिन्यात एका केसवरून वाद झाला. स्टोअरमधल्या एकाच्या भाच्यानं, ज्या मुलीशी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं तिचं ईमेल खातं उघडून बघितलं होतं. पोलिसात तक्रार झाली. कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे, हे कळल्यावर मामा पार खचला होता.

"नुसतं वाचलं तर तीन वर्षं? खून केलाय काय पोरानं?"

"गड्या, तुझं कुणी उघडलं मंग कळंल."

"माझ्यात काय हाय? विजेचं बिल आन् लोन घ्या म्हणून जाहिराती. वाचणाऱ्यालाच शिक्षा हाय ती."

सगळे हसले. मग त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "साहेब, तुमी सांगा. ही शिक्षा न्याय्य हाय का?"

मी ताट उचललं आणि म्हणालो, "मला यातलं कळत नाही." मी कमी बोलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. का कमी बोलतो, हे मात्र गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले. आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांची काळी लोखंडी ट्रंक असायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. बढती मिळेल तसा हुद्दा खरवडून नवा लिहिलेला, पण नंबर भरतीच्या दिवसाचा. जेसीओ, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, झाल्यावर त्यांना नवा नंबर मिळाला होता, तरी झोपेतून उठवून विचारलं तर तोंडातून जुनाच यायचा. शिपायाचं नाव आई ठेवते, नंबर सरकार देतं, आणि सरकारनं दिलेलं हरवायचं नसतं, असं म्हणायचे.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सांगलीला इंजिनिअरिंगला होता. तिथंच वर्गातल्या एका मुलीशी त्यानं लग्न केलं. तिच्या वडिलांचं गणपती पेठेत हळदीचं दुकान होतं. मुसलमान घर. तिच्या घरानं तिला तोडलं, आमच्या घरानं दादाला. आबा एवढंच म्हणाले, "हा उंबरा परत चढू नको." दादा बायकोला घेऊन मस्कतला गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघत नव्हतं. ताटंसुद्धा तीनच मांडायची, असा आबांचा हुकूमच होता म्हणा.

एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. मी डिप्लोमा करून एमआयडीसीत लागलो होतो आणि पुण्यातल्या कंपन्यांना अर्ज पाठवायला पोवई नाक्याजवळच्या इंटरनेटच्या दुकानात जायचो. प्लायवूडच्या फळ्या लावून केलेल्या चार खोपट्या. एका गुरुवारी शेजारच्या खोपटीतून खोकल्याचा आवाज आला. तो मी कुठंही ओळखला असता. फळीच्या फटीतून पाहिलं तर आबा. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, एका बोटानं एकेक कळ दाबत होते. खाली वाकून कळ शोधायची, दाबायची, मग मान वर करून पडद्यावर उमटली का ते बघायचं.

मी दबून बसलो. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर जाऊन बसलो. पत्त्याच्या रकान्यात आधीचं नाव तसंच होतं. पासवर्ड तेवढा हवा होता. विचारसुद्धा करावा लागला नाही. ट्रंकेवरचा नंबर टाकला आणि खातं उघडलं. साताऱ्यातल्या निम्म्या पेन्शनरांचा पासवर्ड त्या काळी असाच असेल. लपवायची गोष्ट त्यांनी बाहेरच्या खोलीत रंगवून ठेवलेली.

आठ महिन्यांचा पत्रव्यवहार होता. दादाच्या एका मित्रानं आबांना तिथं नेऊन खातं काढून दिलं होतं आणि तो मित्र पुढं परदेशी गेला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी. आबांचं लिहिणं तारेसारखं : "मी ठीक. आई ठीक. पाऊस बरा. रिपोर्ट दे." प्रत्येक मेल गुरुवारची आणि शेवट 'रिपोर्ट दे' यानंच. दादा लांबलचक लिहायचा. त्याला मुलगी झाली होती, ती कशी रांगते, कुणासारखी दिसते. आबांनी विचारलं होतं, "नाक कुणाचं?" दादानं लिहिलं होतं, "तुमचं."

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पुढची मेल उघडेपर्यंत.

माझं लग्न ठरत होतं. कराडची मुलगी. मला ती मनापासून आवडली होती. तिच्याकडच्यांना आम्ही सांगितलं होतं की थोरला आमच्यात नाही, संबंध संपला. याद्या दिवाळीनंतर करायच्या होत्या. आणि दादानं लिहिलं होतं, दिवाळीला तिघं येऊ का? आबांचं उत्तर आत्ताचंच होतं, माझ्या शेजारी बसून लिहिलेलं : "ये. धाकट्याचं लग्न ठरतंय. तुझ्यामुळं मोडलं तर मोडू दे. त्याला दुसरी मिळेल. मला नात दुसरी नाही. तारीख कळव. रिपोर्ट दे."

मोडलं तर मोडू दे. घर सोडून गेला तो. आबांचे पाय चेपणारा, त्यांच्या औषधांना पळणारा, पेन्शनच्या रांगेत उभा राहणारा मी. आज हे लिहितानाही मी स्वतःची बाजू मांडायला लागलोच, बघा. ही सवय जात नाही.

दोन दिवस मी नोकरीवर गेलो, आलो, आबांशी नेहमीसारखा बोललो. तिसऱ्या दिवशी, रविवारी, त्या दुकानात गेलो. आबांच्या खात्यातून दादाला मेल लिहिली, येऊ नको म्हणून. पाठवली. पाठवलेली प्रत पुसली. मग पासवर्ड बदलला. वीस मिनिटंसुद्धा लागली नसतील.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम शेजारच्या खोपटीत जाऊन बसलो. आबा आले. एका बोटानं नंबर टाकला. पुन्हा टाकला.

"चुकतोय म्हणतंय हे," त्यांनी दुकानदाराला हाक मारली.

"आवं सुभेदार, आठवून टाका की नीट."

"आठवायचं काय त्यात? माझा नंबर हाय तो."

त्यांनी तिसऱ्यांदा टाकला. मग नवा, जेसीओचा नंबर टाकून पाहिला. मग परत जुना. दुकानदार चांगला होता. म्हणाला, "दुसरं खातं काढून देतो. पाठवायचं कुणाला, पत्ता सांगा." आबांकडं पत्ता नव्हता. आलेल्या मेलखालचं 'रिप्लाय' दाबायचं एवढंच त्यांना शिकवलं होतं. दादाचा पत्ता होता तो सगळा त्या बंद खात्यात.

मी त्यांच्या आधी सायकल मारत घरी पोचलो. ते आले, चपला काढल्या आणि थेट ट्रंकेसमोर उकिडवे बसले. नंबरावरून बोट फिरवत एकेक आकडा पुटपुटले. आई म्हणाली, "काय शोधताय?"

"काय न्हाई. बघत हुतो, बरोबर हाय का."

दिवाळी आली. पहिल्या अंघोळीपासून भाऊबीजेपर्यंत आबा रोज सकाळी दाढी करून, कडक कपडे घालून ओट्यावर बसले. आईला वाटलं सणाचं आहे. आपण 'ये' म्हणून लिहिलंय आणि पोरगं निघालंच असेल, अशा भरवशावर ते बसले आहेत, हे घरात मला एकट्याला कळत होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळली की ते उभे राहायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी ते न सांगता एसटीनं कुठंतरी गेले. संध्याकाळी परतले ते हातात हळदीचा पुडा घेऊन.

"सांगलीस्नं हळद?" आई म्हणाली. "डबा भरलाय की घरात."

"चांगली असती तिथली."

पुड्यावर गणपती पेठेतला शिक्का होता. ते दादाच्या सासऱ्यांच्या दुकानात गेले होते. पत्ता विचारायला. आणि विचारता न आल्यानं हळद घेऊन आले होते. माझ्या लग्नात मला तीच हळद लागली. आबांनी स्वतः कपाळाला लावली.

मी सांगणार होतो. लग्न होऊ दे, मग सांगू. मग म्हटलं, सासरची माणसं जरा रुळू देत. दरम्यान आबा पाहुण्यांना सांगायला लागले, "माझं डोस्कं चालत न्हाई आता. नंबर इसरलो मी, सोताचा." माणसं हसायची. वय झालं सुभेदारांचं, म्हणायची. त्यांचा आपल्या आठवणीवरचा विश्वासच उडाला होता. औषध घेतलं की नाही, दार लावलं की नाही, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी झटका आला आणि चार दिवसांत गेले. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं तर दर गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरात तो नंबर लिहिलेला होता. अग्नी मी दिला. थोरला असताना.

मी त्यांच्या खात्यात हे केलं तेव्हा त्याला कायदाच नव्हता. पुढं आला. तो आल्यापासून मी पेपरात अशा केसेस वाचत आलोय. कुणाला किती झाली, कोण सुटला. प्रत्येक वेळी मनात मोजतो, माझी किती झाली असती? नुसतं उघडल्याची वेगळी, त्यांच्या नावानं लिहिल्याची वेगळी, कुलूप बदलल्याची वेगळी? आणि तक्रार कुणी करायची? खातं ज्यांचं ते तर स्वतःलाच दोष देत गेले.

आबांकडं अशा गुन्ह्याला एक शिक्षा होती. मी लहान असताना त्यांनीच सांगितलेली. ते हवालदार असताना त्यांच्या एका जवानानं दुसऱ्याला बायकोचं आलेलं पत्र फोडून वाचलं. आबांनी वर कळवलं नाही, पाठीवर ओझं देऊन पळवलंही नाही. सेक्शनमधल्या सगळ्या जवानांना उभं केलं आणि त्या जवानाला, त्यानं स्वतः घरी लिहिलेलं पत्र, अजून टपालात न टाकलेलं, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.

"तेवढीच शिक्षा?" मी विचारलं होतं.

"तेवढी लय झाली. त्यानं पुन्हा मान वर क्येली न्हाई."

आबा गेल्यानंतर सहा वर्षांनी दादा मस्कत सोडून सांगलीला आला. वहिनीचे वडील आजारी होते, दुकान बघायला कुणी नव्हतं. आई तेव्हा होती. नातीला जवळ घेऊन रडली आणि दादाला म्हणाली, "तुझी एवढी वाट बघितली रं त्यांनी. का आला न्हाईस?"

दादा माझ्यासमोर म्हणाला, "कामं होती, आई."

आबांनी येऊ नको म्हणून लिहिलं, हे त्यानं आईला सांगितलं नाही. मेलेल्या बापाला तो बोल लागू देत नव्हता. आणि मी तिथं बसून चहा प्यायलो. वर तो मला म्हणायचा, "तू होतास म्हणून त्यांचं झालं. मी काय केलं त्यांच्यासाठी?" वर्षातून चार-पाच वेळा भेटायचो आणि तो हे म्हणायचाच. सतरा-अठरा वर्षं मी हे ऐकून घेतलं. कैदेत सुटायची तारीख तरी कळते.

कँटीनमधल्या त्या वादानंतरच्या रविवारी मी सांगलीला गेलो. दादा ओसरीत बसला होता. वहिनी आत भांडी घासत होत्या. मी म्हणालो, "दादा, येऊ नको म्हणून जी मेल आली होती, ती मी लिहिली होती."

त्याला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. फळीची फट, ट्रंक, नंबर, बदललेला पासवर्ड. त्यानं हाताच्या नखांकडं बघत विचारलं :

"नंतर ते खातं उघडलंस कधी?"

"नाही."

"मी लिहीत होतो की. वर्षभर. मुलीचे फोटो पाठवले. ते उत्तर देत नाहीत, पण वाचत असतील असं धरून चाललो होतो."

ते खातं कधीच आपोआप बंद झालं असणार.

"काय लिहिलं होतंस?" तो म्हणाला. "मला पाठ आहे. पण तू म्हण."

आबांची गोष्ट त्यालाही माहीत होती. आम्ही दोघांनी ती शेजारी बसूनच ऐकली होती. मी उभा राहिलो. का उभा राहिलो, सांगता येत नाही. आणि मोठ्यानं म्हटलं :

"येऊ नको. धाकट्याचं लग्न तुझ्यामुळं मोडेल. आम्हाला एकच मुलगा आहे असं लोकांना सांगितलंय. तसंच राहू दे. तिचं पाऊल या घरात नको. मुलीचंही नको. आबा."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, हात ओले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. दादाकडं बघत होत्या.

मला वाटलं होतं तो मारेल. हाकलून देईल. तसं झालं असतं तर बरं, अशी आशासुद्धा होती, कारण काहीतरी फिटलं असतं.

दादा हळू आवाजात म्हणाला, "खाली 'रिपोर्ट दे' नव्हतं. आबा त्याशिवाय थांबायचेच नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग डोळ्यांवर हात ठेवून परत म्हणाला, "माझ्या कसं लक्षात आलं नाही."

तेही त्यानं स्वतःवरच घेतलं.