अडाण्याची नेमणूक

सर्व संबंधितांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, चाकणच्या एका कारखान्यात, भर सभागृहात, एका सेहेचाळीस वर्षांच्या इसमाची अडाणी म्हणून नेमणूक करण्यात आली. तो इसम मी. चौदा वर्षं कंत्राटी राहिलेल्या माणसाला मिळालेलं हे पहिलंच कायम पद.

कंपनीचं नवं ॲप बघायला मुंबईहून बडे साहेब येणार होते. मशीन बंद पडली की कामगारानं स्क्रीनवर बोट ठेवायचं, दुरुस्तीवाला हजर. त्याची रंगीत तालीम चालली होती. टीमप्रमुख आदित्य सर, वय सव्वीस, मला म्हणाले, "काका, तुम्ही आधी गोंधळल्यासारखं करा. डोकं खाजवा. मग बटण दाबा आणि म्हणा, माझ्यासारख्या अडाण्यालापण जमलं."

टीम हसली.

ती स्क्रीन मी लिहिली होती.

मी आयटीआय. प्रेसशॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढतात तिथे, ऑपरेटर. या मंडळींत कसा घुसलो, तेही ऐका. त्यांनी चार महिने खपून ॲप बनवलं ते कामगारांच्या मोबाइलसाठी. आणि आमचे मोबाइल तर गेटवरच लॉकरमध्ये जमा होतात. हे मी सांगितलं तेव्हा सगळे इंजिनियर एकमेकांची तोंडं बघत बसले. मशीनलाच टॅब लावा, म्हटलं. बटणं तळहाताएवढी करा, आमच्या हातात मोजे असतात. "मग तुम्हीच करा की काका," कुणीतरी थट्टेनं म्हणालं.

मी केलं. दापोडी ते चाकण, कंपनीच्या बसमध्ये, जुना लॅपटॉप मांडीवर, व्हिडिओ बघत कोडिंग शिकलो. वर्ष गेलं. तक्रारीचं सगळं पान, म्हणजे तीच स्क्रीन, माझ्या हातचं.

अशा कामात प्रत्येकानं आपापल्या लॉगिनमधून काम जमा करायचं असतं. कुठली ओळ कुणी लिहिली, ते नाव तिच्यापुढे कायम राहतं. मी लॉगिन मागितलं. सर म्हणाले, "कंत्राटींना नाही देता येत. माझं वापरा ना. आपण एकच टीम." मी वापरलं. खुशीनं वापरलं. माझी लाज ही. अपमान वाढला त्यांनी, पण पाट मीच मांडून दिला होता.

तालमीची बातमी प्रेसशॉपला माझ्याआधी पोचली. शेजारच्या मशीनवरचा बाळू, इथल्याच जुन्या गावातला. म्हणाला, "भाऊ, अडाणी व्हायला बी इंटरव्ह्यू झाला व्हय?"

मी हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

साहेब आले. माइक माझ्या हातात. गणपतीतल्या नाटकांत मी राजा झालोय, चोर झालोय, एकदा म्हैससुद्धा झालोय. हे पात्र जिभेवर येईना. मी डोकं खाजवलं नाही. म्हणालो, "ही स्क्रीन मी लिहिलीय. अडाण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

सरांनी माइक काढून घेतला. "आमचे काका फार विनोदी आहेत," ते म्हणाले. साहेब हसले. चहा आला. दुसऱ्या दिवशी मी टीममधून बाहेर.

तीन आठवड्यांनी टीममधल्या कुणीतरी त्या पानात बदल केला. तक्रार पाठवली की स्क्रीन पांढरीफटक. एका दुपारी लाइन थांबली आणि दुरुस्तीवाल्याला निरोपच गेला नाही. आदित्य सर प्रेसशॉपमध्ये उतरले. पहिल्यांदाच.

"काका, जरा बघता का? मी माझं लॉगिन उघडून देतो."

मी मोजे काढले नाहीत.

"माझ्या नावाचं लॉगिन द्या. आधीचं जे मी लिहिलंय, ते माझ्या नावावर करा. मग हात लावतो."

"काका, हे नंतर बोलू. लाइन उभी आहे."

"उभी राहू दे. कामावरून काढायचं तर काढा. यापुढे माझ्या हातचं एक अक्षरसुद्धा दुसऱ्याच्या नावानं जाणार नाही."

प्रेस बंद होत्या. एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण तेव्हा बाळूपासून सुपरवायझरपर्यंत सगळे ऐकत होते. सरांच्या तोंडून निसटलं,

"अहो, पण मग सगळ्यांना कळेल ना."