बसवालीचं डावं मूत्रपिंड

मंगळवार, १४ मार्च. धोब्याकडून पडदे आले, एकावरचा डाग तसाच. पाठीमागच्या खिडकीची कडी बसवून घेतली. बसवालीला काल संध्याकाळपासून लघवी झालेली नाही.

रोजच्या वहीत सकाळी एवढंच लिहिलं. बसवाली म्हणजे माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी. शहराच्या बसवर ड्रायव्हर आहे. ती आणि तिचा धाकटा भाऊ माझ्याकडेच वाढले. शाळेत असल्यापासून तिला मुतखडे होतात. उजवं मूत्रपिंड त्यातच निकामी झालं, आता सगळी मदार डाव्यावर.

खडे झाले की आम्ही टोमॅटोला दोष द्यायचो. घरात टोमॅटो येणं बंद झालं, खडे यायचे ते येतच राहिले. पडलेला खडा ती किळस येऊन फेकून द्यायची. तपासायला द्यावा हे आम्हा कुणालाच सुचलं नाही. शिवाय ड्यूटीवर ती पाणी पीत नसे. तिच्या मार्गावर बायकांसाठी सोय फक्त शेवटच्या थांब्यावर, आणि तिथे बहुधा कुलूप.

"भरलेली बस मध्येच उभी करून कुठे जाऊ, मावशी?" म्हणायची. "माझ्या पोटात दगडांची खाण आहे. एखादा ठेकेदार बघ."

आज मात्र ती भिंतीला टेकून नुसती बसली होती. चेहरा सुजलेला. भावाने नेहमीप्रमाणे चिडवलं, "चला बसवाली, आज तुम्ही प्रवासी." ती हसली नाही. तेव्हा त्याचाही चेहरा उतरला.

इस्पितळात सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूच्या नळीत खडा अडकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नळी लगेच मोकळी करावी लागेल. उशीर झाला तर हेही मूत्रपिंड हातचं जाईल."

तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि भाऊ. तो सारखा उठून दाराच्या काचेतून बघत होता. मी तिची पिशवी मांडीवर धरून बसले. मनात एकच: बहिणीला काय तोंड दाखवू?

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. "लघवी सुरू झाली. मूत्रपिंड काम करतंय." मग खाली बसल्या. "लघवीत षटकोनी स्फटिक सापडले. हे सिस्टीनचे खडे. सिस्टीन म्हणजे प्रथिनांतला एक घटक. ते परत शोषून घ्यायचं काम तिच्या मूत्रपिंडाला जन्मापासून जमत नाही. ते लघवीत नीट विरघळत नाही, त्याचे खडे होतात."

"म्हणजे टोमॅटो नाही?"

"टोमॅटोचा काही संबंध नाही. आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं. त्यांना स्वतःला त्रास झाला नसेल. यापुढे दिवसभर भरपूर पाणी, रात्री उठूनसुद्धा. मीठ कमी, आणि लघवीची आम्लता कमी करणारं औषध. ड्यूटीवर पाणी टाळणं बंद. डेपोला चिठ्ठी मी देते."

भाऊ खाली बघत म्हणाला, "मलाही कंबरेत दुखतंय. बरेच दिवस."

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"ताईचंच काय कमी होतं?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात बाटली दिली. "भावंडांमध्ये चारातल्या एकाला असू शकतं. तपासून घेऊ."

त्याचा निकाल यायचा आहे. बसवाली शुद्धीवर आली, माझं बोट धरून पुन्हा झोपली. भाऊ तिच्यापाशी राहिला, मी घरी परतले.

संध्याकाळी वहीत लिहिलं: सकाळचं दूध तापवायचं राहिलं, ते नासलं. ओतून दिलं, पातेलं भिजत घातलं.