दिवसा लागणारी बॅटरी

बॅटरी रात्री लागते असं सगळ्यांना वाटतं. मला ती भर दुपारी लागायची.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी विजेचे मीटर वाचत फिरायचो. ऑफिस धुळ्याला, देवपुरात भाड्याची खोली आणि काम आसपासच्या खेड्यांत, रोजंदारीवर. अमळनेरच्या कॉलेजातून बी.ए. झालो होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी आजही कोणी न विचारता सांगतो. वडील अमळनेरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. माझं काम काय असतं ते मी त्यांना नीट समजावून सांगितलं, तर म्हणाले, "बी.ए. व्हयना आनि लोकेसन्या भिती दखत फिरस!" लोकांच्या भिंती बघत फिरतोस, म्हणे. खोटं नव्हतं ते.

तिकडची घरं तेव्हा धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. उन्हाळ्यात गार, पण आत अंधार. खिडकी नसायचीच, असली तर झरोक्याएवढी. आणि लोक मीटर बसवून घ्यायचे ते सगळ्यात आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे, उंचावर. पोरांचा हात पोचू नये म्हणून. उन्हातून आत शिरलं की डोळ्यांपुढे नुसता काळोख. बाकीचे रीडर काडी पेटवायचे. एका हातात काडी, दुसऱ्यात कार्ड, बोट भाजलं की शिवी. मला ते पटेना. घराघरांत कापसाचे ढीग, आणि आपण काड्या ओढायच्या?

म्हणून बस स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून मी एक प्लास्टिकची बॅटरी घेतली. सगळ्यात स्वस्त होती तीच. बारीक पेन्सिल सेलवर चालणारी, हिरवी, शर्टाच्या खिशात मावणारी. पेनाशेजारी ती रोज असायचीच. तिचा खटका सैल, त्यामुळे तळहातावर दोनदा आपटल्याशिवाय पेटत नसे. स्प्रिंग गंजली तेव्हा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी घालून आत बसवली. सेल उतरले की खोलीच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचे, थोडा जीव धरायचे. खात्याने दिलेली नव्हती ती, माझी होती. आणि खरं सांगतो, तिने काम सोपं केलं. बायका म्हणायच्या, "भाऊ, आता आलाच आहात तर कोठीमागं उजेड मारा ना." मग कधी पडलेली वाटी सापडायची, कधी मांजरीची पिल्लं. एकदा एका नव्या सुनेची नाकातली फुली सापडली आणि तिच्या सासूने मला चहा पाजला. मला गावागावांत बॅटरीवाला भाऊ म्हणायला लागले होते.

त्यातल्याच एका गावात एक आबा होते. मोठी शेती, दारात ट्रॅक्टर, पुढची ओसरी फरशीची आणि आतली खोली सारवलेली. पहिले काही महिने मी सरळ आत जायचो, मीटर वाचायचो, कार्डावर आकडा लिहून निघायचो. एकदा आबा ओसरीत बसले होते. पाणी दिलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. बी.ए. ऐकून खूश झाले. मग आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही.

त्यानंतरच्या महिन्यात आबा उंबऱ्यातच उभे होते.

"आठेथीनच दख ना," म्हणाले. इथूनच बघ ना. "तुन्हाजोडे बॅटरी शे ना!" तुझ्याजवळ बॅटरी आहे ना, म्हणे.

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. उलट माझी सोय करून दिल्यासारखं बोलले. मी उंबऱ्याबाहेरून उजेड टाकला. ती बिचारी केवढी बॅटरी! उजेड कोठीपर्यंत जाऊन विरला. मीटरची काच तेवढी चमकली.

"दिसत नाही, आबा."

"मंग ठेव ती आठे. मी सांगस आकडा."

मी बॅटरी उंबऱ्यावर ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटसुलट केली, आपटली आणि आत गेले. बॅटरी घरात चालत होती. आतून त्यांनी आकडा ओरडून सांगितला, तो मागच्या महिन्यापेक्षा कमी भरत होता. म्हटलं, जे मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. कार्डावर 'वाचता आला नाही' असं लिहिलं आणि निघालो.

पुढे त्या आळीतल्या आणखी दोन घरांनी तेच सुरू केलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. काडी पेटवणाऱ्याला मीटरपर्यंत जाऊ द्यावंच लागतं. बॅटरीवाल्याला दारात उभं करता येतं. आणि बॅटरी मीच, माझ्या पैशाने घेऊन आलो होतो.

पुढच्या खेपेला मी ती खिशातून काढलीच नाही. "सेल गेलेत, आत येऊन बघतो," म्हटलं.

आबांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. "खिसामा काय शे मंग?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. "बॅटरी आहे, आबा. चालू आहे. पण वाचीन तर आत येऊन वाचीन. तुमच्याकडे आधी येतच होतो."

"तुन्हा साहेबले सांगस मी."

"सांगा."

त्यांनी सांगितलं. दोन महिने त्यांना सरासरीचं बिल गेलं होतं, तेही जास्तीचं, त्यामुळे तावातावाने आले असणार. साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. फायलींच्या आड बसलेला, डोकं दुखत असल्यासारखा सतत कपाळ दाबणारा.

"अरे, वाचून टाकायचं ना दारातून."

"दिसत नाही साहेब तिथून."

"मग मोठी बॅटरी घे. तीन सेलची."

"तीन सेलची घेतली तर बसमधूनच वाचतो, साहेब. उतरायलाही नको."

ते हसले. मलाही हसू आलं. मग त्यांनी हसणं थांबवलं. "हे बघ, तुझी कायम करायची ऑर्डर वर सहीला गेलीय. अशात तक्रार नको. या महिन्यात त्या घरचं रीडिंग आण. कसं आणायचं ते तुझं तू बघ. नाही आणलंस तर मला वर काय सांगायचं ते सांगावं लागेल."

कायम होणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी रोजच्या रोज मजुरी आणली जाते त्यांना विचारावं. वडिलांची पाठ गेली होती. धाकटी बहीण अकरावीत होती. रात्रभर मी काही थोर विचार केला नाही. दारातून उजेड टाकून अंदाजे आकडा लिहिला तर कोणाला कळणार होतं? साहेबांना तोच हवा होता, आबांनाही तोच. दोघांचंही समाधान माझ्या जिवावर होत होतं. सकाळी उठलो तो न झोपल्यासारखाच. बॅटरी खिशात टाकली आणि बस धरली.

आबा घरी नव्हते. त्यांची बायको, गावात सगळे तिला अक्काच म्हणायचे, ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मला पाहून ती उठली नाही.

"त्या घर नहीत. तू आठेथीनच दखी ले, भाऊ."

ड्युटीवर मी पुस्तकी मराठीच बोलायचो. त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं. घरची बोली तोंडात आली.

"आठेथीन दखास नही, अक्का."

"मंग?"

"मंग बसस आठेच."

मी अंगणातल्या दगडावर बसलो. सावली नव्हती. ती शेंगा फोडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ऊन लागी तुले."

"लागू दे."

"तुन्हा साहेब वरडस का तुले?"

"वरडस."

"मन्हावरबी वरडतस," ती म्हणाली. तिच्यावरही ओरडतात. कोण, ते सांगायची गरज नव्हती. तिने टरफलं एका बाजूला लोटली, गुडघ्यावर हात टेकून कशीबशी उभी राहिली. "चाल, ये मझार. दखी ले तुन्ह मीटर. मी मंग सारवी लिसू."

आत ये म्हणाली आणि मग मी सारवून घेईन असंही म्हणाली, एकाच दमात. लपवून नाही, टोचून नाही. भांडी घासायची राहिलीत म्हणावं तसं.

वाटलं, फिरावं मागे. ठेवावं त्यांचं मीटर त्यांच्यापाशी. पण फिरलो असतो तर आबा जिंकले असते आणि ऑर्डरही गेली असती. मी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, बॅटरी तळहातावर आपटली. कोठीमागे जाऊन, टाचा उंच करून आकडा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. कार्डावर लिहून, सही करून कार्ड तिच्यासमोर धरलं.

"बराबर शे ना?" तिने विचारलं.

"बराबर शे, अक्का."

ऑर्डर आली. आबांनी पुन्हा तक्रार केली नाही. बिल बरोबर यायला लागलं, एवढंच त्यांना हवं होतं. मी यायच्या सुमाराला ते शेतात निघून जायचे. मी आत जायचो. वर्षानुवर्षं गेलो, मीटर बाहेरच्या भिंतीवर येईपर्यंत. पुढे पुढे माझी पावलं ओसरीत वाजली की अक्का न सांगता शेणाची पाटी आणि पाण्याची बादली दाराशी आणून ठेवायची. मी म्हणालो नाही की सारवू नका. ती म्हणाली नाही की येऊ नकोस. तिचे गुडघे दर वर्षी जास्त दुखत होते, ते मला दिसत होतं. तिला सारवायला मी लावत नव्हतो, हे मी स्वतःला सांगायचो आणि ते खरंच होतं. तरी बाहेर पडताना मी चपला हातात घेऊनच अंगणापर्यंत यायचो. ती तोवर सारवायला खाली बसलेली असायची, पदर खोचून, माझी पावलं जिथून सुरू झाली तिथून.