माळ्यावरचं पातेलं

कल्हईवाल्या हाजराला एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे झालं गेलं विसरणं. नाशिकच्या दूधबाजारातल्या बायका म्हणत, हिच्याशी जपून वागावं. खोटं नव्हतं ते.

तीन वर्षांपूर्वी सावळीराम मास्तरांनी तिच्या नवऱ्याला, निजामला, भर बाजारात चोर म्हटलं होतं. कल्हईला दिलेलं मोठं पातेलं त्यानं हडप केलं म्हणे, तेही मास्तरांच्या आईच्या नावाचं. निजामनं शपथा घेतल्या, पण मास्तर पडले शिकलेले, खादीवाले. लोकांना त्यांचंच खरं वाटलं. गिऱ्हाईक तुटलं. निजाम मालेगावला हातमागावर मजुरीला गेला आणि वर्षाच्या आत तापानं तिथेच वारला. मग हाजरानं भाता हाती घेतला. दातओठ खात ती भट्टी फुंकत राहिली.

१९३७च्या वैशाखात मास्तरांनी मुलांचं शिबिर काढलं. अंजनेरीच्या पायथ्याशी आंबराईत पंधरा दिवस राहायचं, विहिरीत पोहायचं आणि सगळ्या जातीधर्मांच्या मुलांनी एका पंगतीत जेवायचं. या पंगतीचा मास्तरांना भारी अभिमान. तिथे मुसलमानाचं एखादं पोर हवंच होतं, म्हणून हाजराच्या अन्सारची निवड झाली. अकरा वर्षांच्या अन्सारनं नाशिकबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आठ दिवस तो झोपेतसुद्धा विहिरीत सूर मारत होता. पोराच्या तोंडाकडे बघून हाजरा गप्प बसली.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांची मोलकरीण कुसाबाई शिबिराची भांडी कल्हईला घेऊन आली. मास्तर शाळेत होते, आणि मास्तरीणबाईंनी घरात असेल नसेल ते मोठं भांडं काढून दिलं होतं. एका पातेल्याची काजळी घासताना हाजराचा हात थांबला. बुडाला पिंपळपानाच्या आकाराचं ठिगळ होतं. असं ठिगळ नाशकात एकटा निजाम लावायचा. काठावर नाव कोरलेलं होतं, पण हाजराला अक्षरओळख नव्हती.

“हे कुठं होतं गं?”

“माळ्यावर. दोन दिवाळ्या झाल्या गावून,” कुसाबाई हळूच म्हणाली. “मास्तर म्हनले, कुनाला बोलू नको. बाईंला ठावं नसंल.”

कच्ची कल्हई करावी, यांची आमटी कळकून नासू द्यावी, मग बघू पंगतीचा अभिमान, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्याच पंगतीत अन्सार बसणार होता. हाजरानं पातेलं आरशासारखं लखलखीत केलं. संध्याकाळी अन्सारचा बिस्तरा बांधला, त्यात गूळ-फुटाण्यांची पुरचुंडी खोचली, आणि त्याला यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

सकाळी शाळेच्या आवारात दोन बैलगाड्या जुंपून उभ्या होत्या. आईबाप जमले होते. अन्सारनं पुढची जागा पटकावली होती. हाजरानं डोक्यावरचं पातेलं मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं.

“मास्तर, भांडी मोजून घ्या. चोराच्या घरून आलीत.”

“आता कशाला ते जुनं, बाई?”

“अन्सार, खाली ये. काठावर काय लिहिलंय, मोठ्यानं वाच.”

मास्तरांनीच शिकवलेल्या खणखणीत आवाजात त्यानं वाचलं, “चंद्रभागाबाई, शके अठराशे पस्तीस.”

मास्तरांच्या आईचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पातेल्याची गोष्टही.

“निजामनं नेलं नव्हतं,” मास्तर पुटपुटले. “माझ्याच माळ्यावर होतं.”

“मोठ्यानं.”

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. हाजरानं तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. दुसऱ्याच वेळी सगळ्यांना ऐकू गेलं होतं, पण तिला ते गोड लागत होतं.

“चढ आता गाडीत,” ती अन्सारला म्हणाली. “ताठ मानेनं जा. तुला नको म्हणायची कुणाची छाती नाय.”

अन्सारनं गाडीतून बिस्तरा ओढून काढला.

“मी नाय जात यांच्यासंगं.”

“अरे, विहीर हाय तिथं! पंधरा दिवस पोहायचं!”

“अम्मी, तुला कालच कळलं होतं?”

“हो.”

“मग बिस्तरा कशाला बांधून दिलास?”

मुलांच्या आरडाओरड्यात गाड्या निघाल्या. अन्सार बिस्तरा डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागला, आणि हाजरा मागून त्याला हाका मारत राहिली.