जालिंदरचा मैल

एकाहत्तर साली माझी शिरूरहून दौंडला बदली झाली आणि भीमेकाठच्या राज्य मार्गाचा तेरा मैलांचा तुकडा माझ्या गळ्यात पडला. मी ओव्हरसियर. दर मैलाला एक मैलकुली असे. खड्डे बुजवायचे, कडेचा मुरूम सारखा करायचा, झाडं सांभाळायची, हे त्याचं काम. त्यांतला एक जालिंदर. बौद्धवाड्यातला, तिशीचा, बोलण्यात भलता कंजूष. नोकरी हजेरीवरची, म्हणजे आज आहे, उद्या नाही.

त्याची बायको नकुशी मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. माहेर नदीपलीकडे, मांडवगण फराट्याला. पहिल्याच दिवशी तिनं मला रस्त्यात अडवलं. "सायेब, ह्यांना कायम कवा करनार?"

मी साहेबी थाटात म्हणालो, "नवी लावलेली झाडं जगवा, मग बघू. एक जरी मेलं तर नाव कापीन." हे मी तेराही मैलांवर ऐकवत असे. बाकीच्यांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ आला. माणसांना प्यायला पाणी नाही, तिथं कडुनिंबाच्या रोपांना कोण पुसतो? बाकीच्या मैलकुल्यांनी वाळलेली रोपं उपटली आणि मोठ्या साहेबांच्या पाहणीदिवशी आळ्यांत हिरव्या फांद्या खोचून ठेवल्या. साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. मला सगळं दिसत होतं. मी वहीत 'झाडे ठीक' लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

जालिंदरला ही युक्ती कुणी शिकवली नाही. त्याच्या मैलावरची झाडं खरोखर जिवंत होती. नकुशी भीमेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा पाडायची, वाटीवाटीनं हंडा भरायची आणि चढ चढून एकेका आळ्यात तांब्याभर पाणी ओतायची.

"अगं, घरात प्यायला आहे का?" मी एकदा विचारलं.

"घरचं कसंबी भागतंय. पर खरंच नाव कापताल का, सायेब, झाड मेलं तर?"

तिथंच सांगता आलं असतं. पण बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा? "कापीन," म्हणालो आणि सायकलवर टांग मारली.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात झरा पुरुषभर खोल गेला होता. एका सकाळी वाळूची कड ढासळली आणि नकुशी आत गाडली गेली. जालिंदर दोन्ही हातांनी वाळू उपसत राहिला. ती सापडली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

दुखवट्याचे दिवस सरायची वाट न पाहता तो कामावर आला. हंडा आता त्याच्या खांद्यावर होता. मी "राहू दे रे" म्हटलं, तर मान हलवून पुढे गेला. पुढे त्याला कायम केलं. फांद्या खोचणारेही त्याच यादीत होते.

मग खाली भीमेवर धरण झालं. पाणी चढत चढत आमच्या रस्त्यापर्यंत आलं. आम्ही वरच्या अंगाला नवा रस्ता काढला आणि जालिंदरचा मैल झाडांसकट बुडाला. पाण्याबाहेर नुसते शेंडे राहिले. ते वाळले, त्यांवर बगळे बसू लागले. पुण्याची मंडळी मोटारी थांबवून म्हणत, "काय सुरेख देखावा आहे!" मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटे. जालिंदर त्या वेळी पाण्याकडे पाठ करून मुरूम पसरत असे.

एकोणऐंशी साली नव्या रस्त्यासाठी रोपं आली. मी त्याला म्हणालो, "या खेपेला सोपं आहे. पाणी हाताशी आहे."

त्यानं धरणाच्या पाण्याकडे पाहिलं. "ती असती तर लई खुश झाली असती, सायेब. एवढं जवळ पानी."

मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. बाकीच्यांची झाडं कधीच मेली होती, त्यांनी फांद्या खोचल्या होत्या, मला ते माहीत होतं. आणि त्याचं नाव मी कधीही कापणार नव्हतो.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"हे मला सांगून काय व्हनार?" तो म्हणाला. "तिनं इचारलं व्हतं, तवा तिला सांगायचं."

मग त्यानं कुदळ उचलली आणि पहिलं आळं खणायला घेतलं.